शोभेची फुले घेताना

डोंबिवलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, त्यामुळे घरात ऊन म्हणून नाही. कुंडीतली तुळससुद्धा तग धरत नाही. सासूबाई पाय मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. त्यांचा जन्म गेला गावाकडे, अंगणात जास्वंद, तगर, चाफा. सकाळी उठून परडीभर फुले काढायची सवय. या भगिनी लिहितात, ‘त्यांच्या खोलीत खरी वाटतील अशी शोभेची फुले ठेवावी म्हणते. पण त्या म्हणतात, मेलेली फुले घरात नकोत. काय करू? आणि घ्यायची झाली तर कशी पारखून घेऊ?’

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून आधी तेच देते. पहिल्याकडे सावकाश येऊ.

मैत्रिणींनो, दुकानात शिरल्याबरोबर आपण फुलाकडे बघतो आणि तिथेच फसतो. आधी पान बघावे. कारखानदार सगळी हौस फुलावर करतो आणि पानाच्या वेळी हात आखडतो. एकाच साच्यातले पान गुलाबालाही लावतो, लिलीलाही आणि शेवंतीलाही. आता गुलाबाचे पान आठवा. एका देठावर पाच किंवा सात छोटी पाने, कडेला करवतीसारखे दाते. लिलीचे पान लांबट, त्याच्या शिरा एकमेकींना समांतर. गुलाबाच्या दांडीला जर आंब्याच्या पानासारखे एकच गुळगुळीत पान चिकटवलेले असेल, तर वरचे फूल कितीही सुरेख असो, बघणाऱ्याच्या डोळ्याला काहीतरी खटकणारच. काय खटकले हे त्याला सांगता येणार नाही, एवढेच. आमच्या वैशाखऱ्याच्या बाजूची पोरे तर पानावरूनच झाड ओळखतात. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तिथे हा अनुभव रोजचा. पुस्तकातल्या चित्रात चुकीचे पान काढलेले असले तर चौथीतला मुलगाही बोट ठेवतो.

पान उलटूनही बघा. खऱ्या पानाची पाठ पोटापेक्षा फिकट असते आणि शिरा पाठीवर उठून दिसतात. दोन्हीकडून सारखाच गडद हिरवा रंग असेल तर ते पान खाली ठेवा.

मग फूल. पाकळ्या मोजायला लाजू नका. साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या आणि मधून बाहेर आलेला लांब दांडोरा. देवचाफ्याला पाच, प्रत्येक पाकळी शेजारणीवर थोडी चढलेली. लिलीला सहा आणि आत सहाच पुंकेसर. सात पाकळ्यांची जास्वंद मी स्वतः दुकानात पाहिली आहे! दुकानदार म्हणाला, “ताई, जास्त भरगच्च दिसते.” दिसते खरी, पण जास्वंद नाही दिसत.

रंगाचे म्हणाल तर निळा गुलाब घेऊ नका, निसर्गात तो फुलत नाही. चमकी मारलेले, पाकळीवर गोंदाचे दवबिंदू बसवलेले फूल तर मुळीच नको. दव सकाळी असते, तुमच्या दिवाणखान्यात रात्री नऊ वाजता कुठून येणार? खऱ्या पाकळीचा रंग देठाजवळ वेगळा, कडेला वेगळा असतो. तशी छटा ज्या फुलात उतरली आहे ते घ्यावे. एका दांडीवर एक उमललेले, एक अर्धवट आणि एक कळी असेल तर फारच उत्तम. सगळी फुले एकाच मापाची आणि एकाच दिशेला तोंड करून बसलेली असली की वर्गात हजेरीला उभी राहिल्यासारखी दिसतात.

माल साधारण तीन प्रकारचा मिळतो. पहिला, साच्यातून काढलेले साधे प्लॅस्टिक. पाकळीच्या कडेला साच्याची रेघ दिसते आणि नवे असताना बऱ्याचदा उग्र वास येतो. दुसरा, कापडी. दुकानदार ‘सिल्क’ म्हणतो, पण ते बहुतेक पॉलिस्टर असते, त्यामुळे रेशमाचा भाव देऊ नये. तिसरा, ‘रिअल टच’ नावाने विकला जाणारा. पाकळीवर रबरासारखा पातळ थर असतो, हाताला गार, किंचित ओलसर लागतो. हा महाग, पण जवळून पाहिला जाणार असेल तर हाच घ्यावा. आपल्या बाजारातला पुष्कळसा माल चीनमधून येतो. त्याआधी १९५०-६० च्या दशकांत प्लॅस्टिकच्या फुलांचे मोठे केंद्र हाँगकाँग होते. तिथले प्रसिद्ध धनाढ्य ली का-शिंग यांनी सुरुवातीचा पैसा याच फुलांवर मिळवला. म्हणजे खोट्या फुलांनी कोणाचे तरी खरेच भले झाले म्हणायचे.

कोणते फूल घ्यावे? जे मुळातच जाडसर, मेणचट आणि बरेच दिवस टिकणारे, त्याची नक्कल चांगली जमते. ऑर्किड आणि अँथुरियम ही खरी असतानाही प्लॅस्टिकची वाटतात, म्हणून त्यांची खोटी खरी वाटतात. लिलीही बरी. उलट मोगरा, प्राजक्त, अबोली यांच्या वाटेला जाऊ नये. मोगऱ्यातून वास काढून टाकला तर उरते काय? झेंडूची नक्कल तर कापडाच्या गोंड्यासारखीच दिसते.

ऑनलाइन मागवताना दोन गोष्टी बघाव्या. एक, दांडीची लांबी सेंटिमीटरमध्ये किती दिली आहे, कारण फोटोत वीतभर फूल हातभर दिसते. दोन, घेतलेल्या लोकांनी टाकलेले फोटो. दुकानाचे फोटो पाहून साडी घ्यायची नाही हे आपल्याला कळते, मग फुलांनाच का सूट?

आणि संख्या कमी ठेवा, बरं का. तीस स्वस्त फुलांच्या पैशात तीन चांगल्या दांड्या येतात. त्या तीन कशा मांडाव्यात याचे जपानी इकेबानातले माप मला फार सोयीचे वाटते. भांड्याची उंची आणि रुंदी यांची बेरीज करायची, तिच्या दीडपट पहिली दांडी. तिच्या पाऊणपट दुसरी आणि दुसरीच्या पाऊणपट तिसरी. म्हणजे भांडे ६ इंच उंच आणि ४ इंच रुंद असेल तर दांड्या साधारण १५, ११ आणि ८ इंचांच्या. दांडीत तार असते, ती कात्रीने कापू नका, कात्री बाद होईल, पक्कड घ्या. दांड्या पिशवीतून सरळसोट येतात, त्यांना हाताने थोडा बाक द्यावा. भांडे काचेचे नको, कारण आत तार दिसते. मातीचा लहान मडक्यासारखा घट, पितळी तांब्या, नाहीतर जुनी बरणी छान. भांडे हलके असेल तर तळाशी नदीतले गोटे घालावेत म्हणजे कलंडत नाही.

जागेचाही विचार हवा. खिडकीच्या उन्हात ठेवलेल्या फुलांचा रंग उडतो. आणि समई, निरांजन, उदबत्ती यांच्या जवळ ती कधीच नकोत. पॉलिस्टर पेटले की वितळते आणि कातडीला चिकटते. गणपतीत मखराला अशा माळा गुंडाळून आत दिवे लावण्याची पद्धत पडली आहे, ती मला अगदी नापसंत आहे. धुळीचे म्हणाल तर आमचे घर कल्याण–माळशेज रस्त्याच्या कडेला, ट्रकांची धूळ आठ दिवसांत साय धरल्यासारखी बसते. मऊ ब्रशने आठवड्याला झटकावी. प्लॅस्टिकची फुले कोमट पाण्यात साबणाचे थेंब टाकून बुचकळून काढता येतात. कापडी फुलाचे एक पान आधी भिजवून पाहावे, रंग सुटत नाही ना ते. दांडी मात्र पाण्यात बुडवू नये, आतली तार गंजते आणि तांबूस डाग वर येतो. घाटाखालच्या आमच्या पावसात कापडी फुलांना बुरशीही धरते. मी ती जूनमध्ये पुसून, वाळवून डब्यात भरते आणि दसऱ्याच्या सुमाराला बाहेर काढते. तेवढे चार महिने खऱ्या हिरवाईची इथे काही कमी नसते.

हे झाले पारखण्याचे. आता कुठे घ्यायची नाहीत तेही सांगितले पाहिजे, कारण तो प्रश्न नुसत्या शोभेचा नाही.

गौरी यायच्या आधी आमच्याकडच्या पाड्यांवरच्या बायका रानातून तेरडा आणतात, जुड्या बांधतात आणि पहाटेच्या गाडीने कल्याणला जातात. ठाण्या-कल्याणकडे पुष्कळ घरी तेरड्याच्याच गौरी पुजतात ना, त्या जुड्या. दसऱ्याला झेंडू, भाताच्या लोंब्या, आंब्याचे डहाळे. सणांच्या त्या चार-सहा दिवसांत हाती येणारा पैसा त्यांच्या घरात मीठ-मिरचीला, मुलांच्या वह्यांना लागतो. गिऱ्हाईक एकदा प्लॅस्टिकचे तोरण घेऊन गेले की पुढची पाच वर्षे दाराशी तेच. मोगरा-झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्याचीही हीच तक्रार आहे. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली, तेव्हा सजावटीचा थर्माकोल यादीत होता, प्लॅस्टिकची फुले नव्हती. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी विधिमंडळात कृत्रिम फुलांवर बंदी आणण्याचे जाहीर केले, ते फूल उत्पादकांच्या याच गाऱ्हाण्यावरून. सरकारचे सरकार बघेल. आपल्या घरापुरता माझा नियम असा: देवघर, सणाचे तोरण आणि केसातला गजरा या तीन जागा खऱ्या फुलांच्या. जिथे एरवी काहीच ठेवले नसते, तो अंधारा कोपरा, जिन्याखालची जागा, हात पोचत नाही असा कोनाडा, तिथे खुशाल शोभेची फुले ठेवावीत.

प्लॅस्टिक नकोच असेल तर आपल्याकडे जुने पर्याय आहेतच. भेंडाची बाशिंगे आणि मखरे पूर्वी होत असत; ते पांढरे, हलके भेंड कापून केलेले फूल पाकळीसारखे मऊ दिसते. रुखवतासाठी क्रेप कागदाची, ऑर्गंडीची, जुन्या नायलॉनच्या मोज्यांची फुले आपल्या आया-मावश्या करत. आणि दिवाळीनंतर माळावर वाळलेल्या गवताचे तुरे फुकट उभे असतात. ते सावलीत उलटे टांगून वाळवावेत. फुलदाणीत वर्षभर राहतात.

आता डोंबिवलीच्या भगिनींच्या सासूबाई. त्यांचे चुकते आहे असे मला वाटत नाही. ज्या हाताने पन्नास वर्षे कळी खुडली, त्याला खोटे फूल लगेच समजते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसभर बघायला आणि चाचपायला हाताजवळचे तेवढेच जग असते. म्हणून त्यांच्या उशाशी शोभेचे फूल ठेवू नका. तिथे खरेच हवे, पण परडीभर कशाला? निशिगंधाची एक दांडी आणा. ती खालून वर उमलत जाते, चार-पाच दिवस रोज नवे फूल दिसते. कधी मोगऱ्याच्या मूठभर कळ्या आणा, त्या संध्याकाळी उमलतात तेव्हा खोलीत वास भरतो. आणि आठवड्यातून एकदा तरी सुटी फुले, सुई-दोरा आणि ताट त्यांच्या पुढ्यात ठेवून देवाचा हार त्यांनाच करायला सांगा. पाय मोडला आहे, हात नाही.

शोभेची फुले त्यांच्या समोरच्या भिंतीशी, सहा-सात फुटांवर ठेवायची असली तर ठेवा. पण त्यांना न विचारता नको. दुकानातून आधी एकच दांडी आणा आणि त्यांच्या हातात द्या. पान कुठे चुकले, पाकळी कशी बसली हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्या चांगले सांगतील. त्यांनी नाही म्हटले तर परत करायची, एवढे दुकानदाराशी आधीच बोलून ठेवावे. होय म्हणाल्या तर बाकीच्या दोन आणाव्यात.

उशाजवळच्या फुलासाठी उंच फुलदाणी नको. निशिगंधाची दांडी जड बुडाच्या पेल्यात ठेवा. सुट्या फुलांना उथळ, रुंद वाटी घ्या आणि पाणी बोटभरच घाला, म्हणजे हात लागून कलंडली तरी गादी भिजणार नाही.