‘फॉरमॅट करा’ म्हणणाऱ्याला जाब विचारा

लिनक्सवर वापरलेली बाहेरची हार्ड डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली, की बहुधा सूचना येते: डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल. खाली बटणही तयार असते. वापरणाऱ्याला वाटते, डिस्क गेली. शेजारचा जाणकार म्हणतो, “म्हणूनच लिनक्सच्या नादी लागू नये.” माझे भांडण त्या सूचनेशी आहे आणि या जाणकाराशीही.

डिस्क धडधाकट असते. ती एक्स्ट-४ या पद्धतीने मांडलेली असते आणि विंडोजला ती पद्धत आपणहून वाचता येत नाही. मग ‘मला हे वाचता येत नाही’ असे सरळ सांगावे ना! मोडी वाचता येत नाही म्हणून जुने दप्तर रद्दीत घाला, असे कोणी म्हटले तर आपण त्याला काय म्हणू? एखाद्या छोट्या वाचनालयाची स्कॅन केलेली सगळी पाने त्या डिस्कवर असतील. घाबरून बटण दाबणाऱ्याचे नुकसान कोण भरून देणार?

उलट बाजू पाहा. एनटीएफएस ही मायक्रोसॉफ्टची १९९३ पासूनची पद्धत. लिनक्सवाल्यांनी ती स्वतः उलगडत शिकून घेतली. एक्सफॅट २००६ साली आली, पण मायक्रोसॉफ्टने तिचा तपशील जाहीर केला २०१९ मध्ये. तोवर पेटंटची टांगती तलवार होती. जुन्या फॅट पद्धतीच्या पेटंटांवरूनही टॉमटॉम कंपनीवर २००९ साली दावा झाला आणि तिला पैसे मोजून तडजोड करावी लागली. एकाने दुसऱ्याची भाषा शिकायची, दुसऱ्याने ढुंकूनही पाहायचे नाही, आणि ‘जुळवून घेत नाही’ हा ठपका मात्र शिकणाऱ्यावरच! हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, तत्त्व राहू द्या, काम कसे चालवायचे? तेही सांगतो. दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवा. २०१९ नंतरच्या लिनक्समध्ये तिची सोय गाभ्यातच आहे. फॅट-३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलसुद्धा मावत नाही, त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ तिथेच अडतो. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेल्या नोंदी सावरण्याची सोय नाही, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय डिस्क उपटू नका. लिनक्सच्या फाइलींचे मालक आणि परवानग्या तिच्यावर टिकत नाहीत. लिनक्सचा पूर्ण बॅकअप एक्स्ट-४ वरच घ्या. एनटीएफएस डिस्क लिनक्सवर नुसतीच वाचता येत असेल, लिहिता येत नसेल, तर विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून पाहा. आणि पद्धत बदलताना डिस्कवरचे सगळे जाते, म्हणून आधी दुसरीकडे प्रत करा.

ही तडजोड मी रोज करतो. पण तडजोडीला न्याय म्हणायला मी तयार नाही. शाळांचे आणि ग्रंथालयांचे संगणक लोकांच्या पैशांतून येतात. ते घेताना एवढा प्रश्न तरी विचारा: यावर साठवलेले आमचेच कागद उद्या दुसऱ्या यंत्रावर उघडतील ना? उत्तरात ‘फॉरमॅट करा’ असे आले, तर बिल थांबवा.