'ळ' कुठे बसणार, हे सर्व्हर बांधतानाच ठरते

बीडच्या मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रांची यादी अकारविल्हे लावली, तर 'ॲग्रो' या शब्दाने सुरू होणारी दुकाने कुठे यायला हवीत? 'अ'च्या जवळ, असे शाळकरी पोरही सांगेल. पण सर्व्हर बांधताना मराठीचा विचार झाला नसेल, तर ही दुकाने 'ह'च्याही खाली, थेट तळाला जाऊन बसतात.

कारण साधे आहे. युनिकोडमध्ये 'ॲ' हे अक्षर 2008 मध्ये, 5.1 आवृत्तीत आले. तोवर इतर देवनागरी अक्षरांनी आपल्या जागा धरल्या होत्या. म्हणून 'ॲ'ला जो क्रमांक मिळाला तो मराठी अंकांच्याही नंतरचा. संगणक नुसते क्रमांक पाहून यादी लावू लागला, की 'ॲ' शेवटी. 'ळ'ची गत उलटी. वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये. त्यामुळे 'काळे' हे आडनाव 'काशीद' आणि 'कासार' यांच्या आधी येते. 'क्षीरसागर' बीडला नवे नाही. ते 'क'च्या शेवटी, 'खाडे'च्या आधी येते. 'क्ष' वेगळा धरायचा की 'क'मध्ये, यावर कोशकारांतही दोन रीती आहेत. पण ती निवड माणसांनी विचार करून करावी, यंत्रावर सोडू नये.

ही निवड नेमकी होते कुठे? पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसचे उदाहरण घ्या. त्याचा सोर्स कोणीही उतरवून घेऊ शकतो. लिनक्सवर गठ्ठा उलगडायचा, 'कॉन्फिगर' चालवायचे, मग 'मेक', चाचणीसाठी 'मेक चेक', शेवटी 'मेक इन्स्टॉल'. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओने बांधायचे, तर 17 व्या आवृत्तीपासून 'मेसन' हाच रस्ता उरला आहे. मराठीचा प्रश्न पहिल्याच पायरीवर, 'कॉन्फिगर'मध्ये, सुटतो किंवा बिघडतो.

'आयसीयू' नावाच्या लायब्ररीत जगभरच्या भाषांचे वर्णक्रम आहेत, मराठीचाही आहे. त्यात 'ळ' 'ह'नंतर येतो. पोस्टग्रेसला ही लायब्ररी 2017 पासून जोडता येते, पण आधी ती मुद्दाम मागावी लागे. 2023 च्या 16 व्या आवृत्तीपासून ती आपोआप धरली जाते. मशीनवर ती नसेल तर काम थांबते आणि पडद्यावर सूचना येते: आयसीयू नको असेल तर अमुक पर्याय द्या. घाईत असलेला माणूस तो पर्याय देतो, बांधणी पुढे सरकते, सगळे ठीक दिसते. मराठी मात्र तिथेच बाहेर राहते.

मग वर्णक्रम ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती जातो. आटोपशीर म्हणून लोकप्रिय असलेल्या अल्पाइन लिनक्सची मूळ 'मसल' लायब्ररी भाषेनुसार क्रम लावतच नाही, नुसते क्रमांक पाहते. इतर लिनक्समध्ये 'जीलिबसी' असते. ऑगस्ट 2018 मध्ये तिची 2.28 आवृत्ती आली आणि वर्णक्रमाचे नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेल्या अनुक्रमणिका त्यामुळे चुकीच्या ठरू शकत होत्या. नोंद तक्त्यात असूनही शोधल्यावर सापडत नाही, असा हा दोष. अनुक्रमणिका नव्याने बांधणे हाच त्यावर उपाय होता. पीकविम्याच्या यादीत नाव असूनही 'सापडत नाही' असे उत्तर मिळाले, तर शेतकऱ्याने जावे कुणाकडे?

राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमाला निश्चित केली. कागदावर ठरलेला तो क्रम सर्व्हरवर उतरवणे हे अभियंत्याचे काम आहे, आणि हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे नाही. पोस्टग्रेसच्या 8.3 आवृत्तीतली 'हॉट' ही महत्त्वाची सुधारणा 2008 मध्ये आली, ती प्रामुख्याने पुण्यातून काम करणाऱ्या अभियंत्याने लिहिलेली होती. पुण्याला जमते ते अंबाजोगाईला का जमू नये? आद्यकवी मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे, तिथल्या मुलांनी मराठीचा क्रम दुसऱ्या कुणावर सोपवू नये.

बीड जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी यासाठी एक प्रात्यक्षिक ठेवावे. तयार इन्स्टॉलर बाजूला ठेवून पोस्टग्रेस सोर्सवरून बांधायचा: एकदा उबुंटूवर, एकदा अल्पाइनवर, एकदा विंडोजवर. आयसीयूसह आणि आयसीयूशिवाय. मग काळे, कासार, क्षीरसागर, ज्ञानोबा, परळी, ॲग्रो असे दहा शब्द भरून क्रम तपासायचा. आयसीयू जोडल्यावरही मराठीचा क्रम नावानिशी मागावा लागतो, हे मुलांना तेव्हाच कळेल. सरकारी कार्यालयांनीही सॉफ्टवेअरच्या निविदेत एक अट घालावी: यादी मराठी वर्णक्रमाने लागली पाहिजे आणि स्वीकारण्याआधी ती तपासून दाखवली पाहिजे. या अटीला वेगळा खर्च नाही. आयसीयू मोफत आहे.