पंचविशीतील ठिसूळ हाडे आणि टक्केवारीचा न्याय

दरवर्षी २० ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन पाळला जातो आणि त्या सुमारास पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना दूध, ऊन व चालणे यांचे महत्त्व सांगणारे लेख जागोजागी प्रसिद्ध होतात. उपदेश चुकीचा नाही. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात आणि या रोगाने ग्रासलेल्यांत बहुसंख्या त्यांचीच असते. परंतु या बहुसंख्येच्या छायेत एक लहानसा वर्ग कायमचा झाकला गेला आहे. विशी-तिशीतच पाण्याची बादली उचलताना, क्वचित नुसते शिंकतानाही, ज्यांच्या पाठीचे मणके दबतात अशा तरुणांचा हा वर्ग होय. त्यांचा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा असता तर तो डॉक्टरांवर सोपवून मोकळे होता आले असते. तो मोजमापाचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच कायद्याचा व कचेरीचाही.

या वयात हाडे ठिसूळ होण्यामागे बहुधा दुसरे काही कारण दडलेले असते. दमा, संधिवात, ल्युपस किंवा मूत्रपिंडाचा विकार यांसाठी महिनोन् महिने घ्यावी लागणारी स्टेरॉइड्स हे त्यांतले प्रमुख कारण. हाडांची हानी उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. गव्हातील प्रथिन न सोसणारा सिलिअ‍ॅक रोग, अपस्माराची काही औषधे, संप्रेरकांची उणीव, दीर्घकाळची उपासमार, तसेच जन्मजात ‘ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा’ ही आणखी काही कारणे. क्वचित एखाद्या तरुण स्त्रीला गरोदरपणाच्या अखेरीस किंवा अंगावर पाजण्याच्या काळात मणक्यांचे अस्थिभंग होतात, आणि घरातील वडीलधारी मंडळी त्यांना बाळंतपणाची कंबरदुखी म्हणून शेक-शेगडीवर भागवतात. सर्व तपासण्या होऊनही ज्यांचे कारण हाती लागत नाही असेही काही रुग्ण उरतातच.

आता मोजमापाकडे पाहू. हाडांची घनता डेक्सा यंत्राने मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये या रोगाची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात निरोगी तरुण व्यक्तीची सरासरी घनता हा मूळ बिंदू धरला असून तिच्यापासून अडीच प्रमाण विचलन किंवा त्याहून खाली गेलेल्यास रोगी ठरविले आहे. ही व्याख्या मुळात ऋतुनिवृत्त गौरवर्णीय स्त्रियांसाठी होती. म्हणजे ज्या तारुण्याच्या मापाने इतरांचा रोग मोजावयाचा, त्या तारुण्यालाच रोग झाला तर काय, हा प्रश्न व्याख्येने विचारातच घेतला नाही. पुढे तज्ज्ञांनी तरुणांसाठी समवयस्कांशी तुलना करणारा निराळा आकडा सुचविला आणि केवळ घनतेवरून तरुणाला ऑस्टिओपोरोसिसचा शिक्का मारू नये असेही सांगितले. हे धोरण विवेकाचे आहे. लहान चणीच्या निरोगी माणसाची घनताही यंत्रावर कमी दिसते व तेवढ्यावरून त्याला जन्मभर औषधे देणे हा अन्याय होय. पण ज्याची हाडे खरोखरच मोडत आहेत त्यालाही या सावधगिरीची किंमत मोजावी लागते. त्याचा मणका दबला आहे हे पाहण्यासाठी क्ष-किरण चित्र काढावे, असेच पुष्कळदा कोणाला सुचत नाही. वय पाहिले जाते आणि ‘या वयात कसली पाठ दुखते?’ या प्रश्नावर तपासणी संपते.

पुढील दहा वर्षांत हाड मोडण्याचा संभव किती, हे सांगणारी ‘फ्रॅक्स’ ही गणनापद्धती ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठात विकसित झाली व २००८ पासून जगभर वापरात आली. ती ४० ते ९० या वयासाठी आहे. सत्तावीस वर्षांच्या रुग्णाच्या बाबतीत ती काहीच सांगत नाही.

औषधांचा हिशेबही असाच थोरल्या वयाच्या मापाने बेतलेला आहे. बिस्फॉस्फोनेट वर्गातील औषधे हाडात वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणून ज्या स्त्रीला पुढे अपत्य हवे आहे तिला ती देताना डॉक्टर हात आखडता घेतात. नवे हाड घडविणारे टेरिपॅराटाइडचे इंजेक्शन रोज टोचावे लागते आणि ते साधारणपणे आयुष्यात दोन वर्षेच देतात. दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅब मध्येच सोडले आणि त्याजागी दुसरे औषध दिले नाही, तर हाडांची घनता झपाट्याने उतरते व एकाहून अधिक मणके मोडण्याचा धोका उद्भवतो. पंच्याहत्तरीच्या आजीबाईंच्या बाबतीत दहा वर्षांचे नियोजन पुष्कळ झाले. पंचविशीतील मुलासमोर पन्नास वर्षे उभी असतात, आणि मोजकी औषधे त्या अवधीत कोणत्या क्रमाने पुरवून वापरावयाची हा त्याच्या डॉक्टरपुढील खरा पेच असतो. तुटपुंजी साधने दीर्घ काळावर विभागण्याचा हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही. फरक इतकाच की येथे चुकीचे उत्तर मणक्यात उमटते.

खर्चाचे उत्तर आणखी विपरीत आहे. आपल्याकडील शासकीय आरोग्य योजना आणि बहुतेक खासगी विमा योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी रचलेल्या आहेत. खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया झाली, तर पैसे मिळण्याची वाट असते. ते मोडू नये म्हणून घरी घ्यावयाच्या औषधाचा आणि वेळोवेळी शहरात जाऊन करावयाच्या डेक्सा चाचणीचा भार मात्र रुग्णाच्या पगारातून जातो. प्रतिबंधावरील रुपया वाचवून दुरुस्तीवर अनेक रुपये खर्च करण्याची ही रीत रस्त्यांच्या बाबतीत आपण पाहतोच.

तथापि सर्वांत अवघड प्रकरण नोकरीचे. बाहेरून धडधाकट दिसणारा तरुण लिपिक दप्तराचे गठ्ठे उचलावयास नकार देतो, तेव्हा सहकारी त्याला कामचुकार ठरवितात. शिक्षिका तीन तास उभ्याने पर्यवेक्षण करू शकत नाही, एस. टी.च्या मागच्या आसनावर बसून खड्डेमय रस्त्याने रोज तालुक्याला जाऊ शकत नाही. तिच्या बदलीच्या अर्जावर ‘कारण समाधानकारक नाही’ असा शेरा पडण्याचीच धास्ती असते. विद्यार्थ्याची स्थिती निराळी नाही. अशा माणसाने सर्व हालचाल सोडून अंथरूण धरावे असा सल्ला देणारे हितचिंतकही भेटतात. वस्तुतः हालचाल थांबली की हाड आणखी झिजते. त्याला काम करावयाचे असते आणि केलेही पाहिजे. कमरेत वाकून ओझे उचलणे, पाठीला हिसका बसणे, पडणे, एवढेच त्याला टाळावयाचे असते.

परंतु हे सांगावे कोणाला? मुलाखतीत सांगितले तर नेमणूक हुकण्याचे भय, लग्नाच्या बोलणीत सांगितले तर स्थळ परत जाण्याचे भय. मग तो गप्प बसतो, आणि गप्प बसल्याचा पुरावा म्हणून जे उचलू नये ते उचलतो. खरे बोलणाऱ्यास दंड आणि दडविणाऱ्यास बक्षीस अशी व्यवस्था असली की कर्मचारी व मालक दोघेही तोट्यात जातात. तीन महिन्यांच्या रजेचे कारण ठरणारा अस्थिभंग एका मोकळ्या संभाषणाने टळू शकला असता.

येथे अपंगत्वाचा कायदा आठवतो. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती एकवीस केली. ऑस्टिओपोरोसिसचे नाव त्या सूचीत नाही. शासकीय नोकरीतील चार टक्के राखीव जागांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि अस्थिविषयक अपंगत्वाची टक्केवारी सांध्यांची हालचाल, स्नायूंचे बळ अशा झालेल्या हानीवरून काढली जाते. जे मोडले ते मोजता येते. जे मोडू नये म्हणून माणूस दिवसभर जपतो, त्या जपण्याला टक्के नाहीत. दोन मणके दबलेला तरुण वैद्यकीय मंडळासमोर चालत जातो, वाकूनही दाखवितो, आणि ४० च्या पुष्कळ अलीकडचा आकडा घेऊन परततो.

यावर सूचीत बाविसावे नाव घाला, अशी मागणी लगेच सुचते. केंद्र सरकारला तसा अधिकारही आहे. पण तिचा उपयोग मर्यादित राहील. नाव आत आले तरी टक्केवारीचा उंबरठा तसाच राहणार. शिवाय प्रत्येक आजाराने सूचीसाठी स्वतंत्र रांग लावली, तर ज्यांच्यामागे संघटना आहे त्यांचेच नंबर आधी लागतील. अधिक सरळ वाट त्याच कायद्यात आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. कायद्यात ‘दिव्यांग व्यक्ती’ आणि ‘लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’ अशा दोन निरनिराळ्या व्याख्या आहेत. ४० टक्क्यांची अट दुसरीला आहे. पहिली व्याख्या दीर्घकालीन व्याधी आणि भोवतालचे अडथळे यांच्या संयोगाने जिचा सहभाग खुंटतो अशा कोणत्याही व्यक्तीला लागू होते, आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोयीसुविधा मिळण्याचा हक्क या पहिल्या व्याख्येशी जोडलेला आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्धच्या प्रकरणात, लिहिताना हात आखडण्याच्या विकाराने पीडित उमेदवारास लेखनिक देण्याचा हक्क मान्य केला. त्याला ४० टक्क्यांचा दाखला नव्हता. वाजवी सोय ही राखीव जागेसारखी नसून तिला तो उंबरठा लावता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. हाताला जे लागू, ते पाठीच्या कण्यास लागू नाही असे म्हणण्यास आधार दिसत नाही.

अशाने उद्या प्रत्येक जण पाठ धरून सवलत मागेल, हा आक्षेप कचेऱ्यांतून निश्चित येईल. आक्षेप अगदीच पोकळ नाही. खोट्या दाखल्यांची प्रकरणे महाराष्ट्राला नवीन नाहीत. पण राखीव जागेच्या लोभाने खोटा दाखला मिळविणे निराळे आणि गठ्ठे उचलण्यातून सूट मागणे निराळे. दुसऱ्यात मिळवावयाचे असे फारसे काही नसते, आणि मणका दबल्याचे क्ष-किरण चित्र अभिनयाने निर्माण होत नाही.

मागणे तरी किती आहे? पाठीला टेकू देणारी खुर्ची, तळमजल्यावरील टेबल, ओझ्याच्या कामातून सूट, बसून पर्यवेक्षण करण्याची मुभा, इंजेक्शनच्या दिवशी रजा, विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिकेच्या मध्यंतरी उठून चालण्यासाठी काही मिनिटे. यांतील बहुतेक गोष्टींसाठी नवे पद निर्माण करावे लागत नाही की वित्त विभागाकडे प्रस्ताव पाठवावा लागत नाही. कार्यालयप्रमुखाच्या किंवा प्राचार्यांच्या सहीचा एक आदेश पुरतो.