जाहीर आवाहन : मांडवाशेजारी एक निवांत खोली हवीच

गेल्या रविवारी एका सांस्कृतिक कार्यक्रमात नऊ वर्षांचा स्वमग्न मुलगा स्पीकरच्या भिंतीसमोर मटकन खाली बसला. तळवे कानांवर घट्ट दाबलेले, डोळे मिटलेले, अंग सारखं मागेपुढे हलत होतं. आईने स्वयंसेवकाकडे घटकाभर बसायला शांत जागा मागितली. "ताई, त्याला सहन होत नाही तर आणायचंच कशाला?" हे उत्तर मिळालं. त्या वेळी मंचामागची खोली बंद होती. आत सत्काराच्या शाली आणि नारळांची पोती.

हे उत्तर विशेष मुलांच्या पालकगटाला मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व नोंदले आहे. स्वमग्नता त्यात आहे. सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क याच कायद्याच्या 29व्या कलमात आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. किती मांडवांत ती पाळली जाते, हे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. वर्षातल्या 15 दिवसांपर्यंत ध्वनिक्षेपक रात्री बारापर्यंत वाजवण्याची सवलत राज्य सरकार देऊ शकतं, आणि ती तारखांसकट तोंडपाठ असते. खोलीचा विषय निघाला की मात्र जागा नसते!

गरज फक्त स्वमग्न मुलांची नाही. अर्धशिशीने डोकं धरून बसलेली बाई, गर्दीत जीव घाबरा होणारा तरुण, स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, दिवसभर ढोल वाजवून कान बधिर झालेली पथकातली मुलगी, हे सगळे आपलेच आहेत. उत्सवाचा रंग जाईल म्हणणाऱ्यांना इतकंच सांगणं आहे, की खोली मागितली आहे, उत्सव बंद करायला कुणी सांगितलेलं नाही. एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आले, त्याने एकही गाडी अडली नाही.

करायचं ते थोडंच आहे. मांडवाजवळच्या शाळेचा एखादा वर्ग घ्यावा, स्पीकरच्या पाठीमागच्या बाजूचा, स्वच्छतागृहाजवळचा. मंद दिवा, सतरंजी, चार खुर्च्या, पिण्याचं पाणी. दारावर ठळक पाटी लावावी आणि निवेदकाने दर तासाला खोलीची माहिती द्यावी. आत फोटो नाही, मोबाइलचा आवाज नाही, प्रमाणपत्राची विचारणा तर मुळीच नाही. दाराशी दोन शांत स्वभावाची माणसं हवीत. आणि खोलीत सामान ठेवू नये, एक नारळही नाही.

पालकगटाने गेल्या वर्षी पदरमोड करून काही मंडळांना अशी खोली उभारून दिली, पाळीपाळीने दाराशी बसून सांभाळली. कार्यक्रम कुठेही खोळंबला नाही. इतर मंडळांना, संमेलनांच्या संयोजकांना, सोसायट्यांना हे का जमू नये?

मांडवाचा आराखडा ज्या बैठकीत ठरेल, त्याच बैठकीत ही खोली आखून घ्यावी. सतरंज्या आणि दाराशी बसायला दोन माणसं पालकगट देईल.