ओळी मोजून तटस्थता येत नाही

एका सामायिक ज्ञानकोश प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीचे नवे परिपत्रक एव्हाना आमच्या बहुतेक वाचकांच्या हाती पडले असेल. विषय आहे इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षाशी संबंधित नोंदींचा. समिती सांगते, 'पॅलेस्टिनीविरोधी' हे विशेषण जिथे येईल तिथे आधी 'कथित' लावा. दोन्ही बाजूंना समान ओळी द्या. ओळी कमीजास्त भरल्या तर प्रचालकाने नोंद गोठवावी. आणि पॅलेस्टिनीविरोधी पूर्वग्रहावर स्वतंत्र नोंद नको, ते शीर्षक 'इस्लामद्वेष' या नोंदीकडे पुनर्निर्देशित करा.

परिपत्रक निघाल्यापासून नोंदलेखकांची संतापलेली पत्रे येत आहेत. एका भाषांतरकार बाईंचे पत्र तर वाचवत नाही. बर्लिंग्टनच्या गोळीबारावर त्यांनी लिहिलेला परिच्छेद गोठवला गेला. कारण दिले ते असे: 'दुसऱ्या बाजूच्या ओळी नाहीत.' त्यांनी चर्चापानावर सरळ विचारले, इथे दुसरी बाजू कोणती? उत्तर आलेले नाही.

ती घटना आधी नीट पाहू. २५ नोव्हेंबर २०२३, अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातले बर्लिंग्टन. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नातेवाइकांकडे आलेले पॅलेस्टिनी वंशाचे तीन विद्यार्थी संध्याकाळी पायी निघाले होते. तिघेही वीस वर्षांचे, तिघेही रामल्लाच्या एकाच शाळेत शिकलेले. दोघांनी कफिया (पॅलेस्टिनी ओळखीचा रुमाल) घातला होता आणि बोलणे अरबी-इंग्रजी मिसळून चालले होते. एक माणूस समोर आला आणि चकार शब्द न काढता त्याने गोळ्या झाडल्या. तिघेही वाचले, पण एकाचे छातीखालचे शरीर लुळे पडले.

या घटनेवर आलेले वाक्य असे होते: 'पॅलेस्टिनीद्वेषातून तीन विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला.' ते उलटवून कुणीतरी लिहिले: 'बर्लिंग्टन येथे तीन तरुणांवर गोळीबार झाला.' मग संपादनयुद्ध, मग कुलूप. दोन्ही वाक्ये चूक आहेत. पहिल्याने हेतू सिद्ध झाल्यासारखा मांडला. प्रत्यक्षात आरोप दाखल झाले ते खुनाच्या प्रयत्नाचे. द्वेषगुन्ह्याचे कलम लावण्याइतका पुरावा हाती नाही, असे सरकारी वकिलांनी तेव्हा सांगितले आणि आरोपीने गुन्हा नाकारला. दुसऱ्या वाक्याने मुलांची ओळख, कफिया, भाषा, सगळे पुसून टाकले, जणू ती कुठलीही तीन मुले होती. या दोहोंच्या मधले, खरे वाक्य लिहिता येते. मुले कोण होती, काय घातले होते, कोणत्या भाषेत बोलत होती ते लिहा. तपास द्वेषगुन्हा म्हणून व्हावा अशी मागणी कुटुंबीयांनी केली, तेही लिहा. आरोप कोणते लागले आणि कोणते लागले नाहीत, तेही लिहा. चार वाक्ये होतात. त्यांत 'कथित' कुठेच लागत नाही, कारण प्रत्येक विधानाला त्याचा धनी आहे.

आता हेच परिपत्रक इलिनॉयच्या खटल्याला लावून पाहा. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोजवळ एका घरमालकाने आपल्याच भाडेकरू पॅलेस्टिनी-अमेरिकी कुटुंबातल्या सहा वर्षांच्या मुलाला भोसकून मारले. आई गंभीर जखमी झाली. मुलाच्या अंगावर सव्वीस वार होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्युरीने त्या घरमालकाला खून आणि द्वेषगुन्हा या दोन्हींसाठी दोषी ठरवले आणि मे महिन्यात ५३ वर्षांची शिक्षा झाली. न्यायालयाच्या निकालापुढे 'कथित' लावणारा नोंदलेखक खोटे लिहितो, परिपत्रकाचा आधार घेऊन लिहिले तरी ते खोटेच. एक बारकावा मात्र सुटू देऊ नका. कुटुंब मुस्लीम आहे म्हणून आणि गाझात युद्ध पेटले आहे म्हणून हल्ला झाला, अशी दुहेरी मांडणी पोलिसांनी पहिल्याच दिवसांत केली होती. नोंदीत दोन्ही कारणे यायला हवीत. त्यातले एकच उचलणारा आपल्या सोयीचे उचलतो.

मायामी बीचची घटना तर समितीने परिपत्रक काढण्याआधी एकदा तरी वाचायला हवी होती. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी एका माणसाने रस्त्यावरच्या एका मोटारीवर सतरा गोळ्या झाडल्या. दोन पॅलेस्टिनी दिसले आणि आपण त्यांना मारले, असे त्याने पोलिसांना सांगितल्याचे अटकेच्या कागदपत्रांत आहे. मोटारीत होते दोन इस्रायली पर्यटक, आणि ते दोघेही बचावले. ही घटना कोणत्या वर्गात घालायची? जखमींच्या ओळखीवरून वर्ग ठरवला तर ती ज्यूविरोधी हल्ल्यांत जाईल, आणि ते धादांत चूक होईल. आरोपीच्या जबाबावरून ठरवला तर पॅलेस्टिनीविरोधी हिंसेत जाते, पण मग तो जबाब त्याचा आहे, पोलिसांनी नोंदवलेला आहे, हे त्याच वाक्यात सांगावे लागते. इथे समान ओळी कुणाला आणि कुणाच्या बरोबरीच्या, हे समितीने आम्हाला समजावून सांगावे. पूर्वग्रह माणसाच्या डोक्यात असतो आणि गोळी कुणालाही लागते, एवढी साधी गोष्ट या मोजपट्टीत बसत नाही.

पुनर्निर्देशनाचे कलम तर अज्ञानातून आलेले आहे. पॅलेस्टिनींमध्ये ख्रिस्ती समाज शतकानुशतके आहे. एडवर्ड सईद ख्रिस्ती कुटुंबातले. ११ मे २०२२ रोजी जेनिनमध्ये गोळी लागून गेलेल्या 'अल जझीरा'च्या पत्रकार शिरीन अबू अकलेह ख्रिस्ती होत्या. दोनच दिवसांनी जेरुसलेममध्ये त्यांची शवपेटी खांद्यावर घेतलेल्यांवर इस्रायली पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि शवपेटी पडता पडता राहिली. हे 'इस्लामद्वेष' या शीर्षकाखाली कसे घालणार? त्यांच्या मृत्यूचे वर्णन हाही आपल्यासाठी धडा आहे. गोळी पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांची असावी, असे इस्रायली अधिकारी आरंभी सुचवत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये लष्करानेच मान्य केले, की आपल्याच सैनिकाची गोळी चुकून लागल्याची दाट शक्यता आहे. 'चकमकीत मृत्यू' एवढेच लिहून थांबलेल्या नोंदी अजून सापडतात. ज्याने पहिली बातमी वाचून नोंद केली आणि परत फिरकून पाहिले नाही, त्याचे काम अर्धेच झाले.

समान ओळींची ही कल्पना आली कुठून, हे आम्हाला ठाऊक आहे. विकिपीडियाच्या तटस्थतेच्या धोरणाचे नाव ऐकले, धोरण वाचले नाही. विश्वासार्ह स्रोतांत ज्या मताला जेवढे वजन आहे तेवढीच जागा नोंदीत द्यावी, असे ते धोरण सांगते. ओळींच्या बरोबरीचे त्यात नावही नाही. इंग्रजी विकिपीडियावर या विषयाचे रणकंदन किती आहे ते तुम्ही जाणता. तिथे पाचशे संपादने आणि तीस दिवस पूर्ण केल्याशिवाय या विषयाच्या पानांना हात लावता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या लवाद समितीने दोन्हीकडच्या काही जुन्याजाणत्या संपादकांना या विषयातून बाहेर काढले. त्या निर्णयावर मतभेद आहेत आणि असावेत. पण तिथला वाद वर्तनावर आणि स्रोतांवर होतो. अँटी-डिफेमेशन लीग ही ज्यूद्वेषविरोधी संस्था स्रोत म्हणून चालेल का, यावर २०२४ मध्ये प्रदीर्घ चर्चा झाली आणि जूनमध्ये निर्णय झाला तो विषयवार: इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षावर अविश्वासार्ह, इतर विषयांचा विचार वेगळा. अनेक ज्यू संघटनांनी त्याचा निषेध केला. निर्णय पटो वा न पटो, एकाच संस्थेचे काम विषयागणिक तपासण्याची ही शिस्त आपल्याकडे कुठे आहे?

आता दोन शब्द आपल्याच मंडळींना. परिपत्रकावर तुटून पडणाऱ्यांपैकी अनेकांच्या नोंदी आम्ही पाहिल्या आहेत आणि त्या पाहून समितीला भीती का वाटली असेल तेही कळते. यंत्रानुवाद चिकटवायचा, संदर्भ मूळ नोंदीतून तसेच उचलायचे, त्यातला एकही उघडून वाचायचा नाही, हा काहींचा शिरस्ता झाला आहे. 'इस्रायलने पॅलेस्टिनींना मानवी पशू म्हटले' हे वाक्य या महिन्यात वेगवेगळ्या नोंदींत पुन्हा पुन्हा भेटले. कोण म्हणाले? इस्रायलचे तेव्हाचे संरक्षणमंत्री योआव गॅलंट. केव्हा? ९ ऑक्टोबर २०२३ रोजी, गाझाचा वीज, अन्न आणि इंधन यांचा पुरवठा तोडून संपूर्ण वेढा जाहीर करताना. रोख हमासवर होता, असे त्यांचे समर्थक सांगतात. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २६ जानेवारी २०२४ च्या आदेशात त्यांच्या विधानांची दखल घेतली. एवढे लिहिले की वाचक स्वतः ठरवतो. एका मंत्र्याचे वाक्य अख्ख्या देशाच्या तोंडी घातले की नोंद ढासळते, आणि ढासळलेली नोंद पुसायला कुणालाही निमित्त पुरते.

विधानांची साखळी दाखवायची तर तीही अशीच, तारखेसह दाखवा. पॅलेस्टिनी असे कुणी नव्हतेच, असे इस्रायलच्या तेव्हाच्या पंतप्रधान गोल्डा मेयर १९६९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राला म्हणाल्या. पुढे त्यांनी त्याचा खुलासाही केला. मार्च २०२३ मध्ये इस्रायलचे अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच पॅरिसमध्ये म्हणाले, की पॅलेस्टिनी लोक अशी काही चीजच नाही. त्यावर जॉर्डनने आणि अमेरिकेने निषेध नोंदवला. एखाद्या समाजाचे अस्तित्वच नाकारणे हा या पूर्वग्रहाचा गाभा आहे, आणि त्याला पुस्तकांचेही पाठबळ मिळाले. जोन पीटर्स यांचे १९८४ चे पुस्तक घ्या. पॅलेस्टाईनमधले बरेचसे अरब अलीकडे येऊन वसलेले होते, हा त्याचा दावा. अमेरिकी अभ्यासक नॉर्मन फिंकलस्टीन यांनी त्यातले आकडे आणि उद्धरणे तपासून ते उघडे पाडले, आणि येहोशुआ पोरात या इस्रायली इतिहासकारानेही ते फेटाळले. हे पुस्तक आजही आपल्या नोंदींत लोकसंख्येचा संदर्भ म्हणून दिसते. ज्यांना दिसेल त्यांनी आजच काढावे.

आणि हा पूर्वग्रह फक्त इस्रायलमध्ये आणि अमेरिकेत आहे असे समजून लिहिणाऱ्यांनी लेबनॉनकडे पाहावे. पिढ्यान्पिढ्या तिथे राहणाऱ्या पॅलेस्टिनी निर्वासितांना कितीतरी व्यवसाय बंद आहेत आणि २००१ च्या कायद्याने त्यांना घर-जमीन विकत घेण्यासही मनाई आहे. १९८२ मध्ये सब्रा आणि शातिलाच्या छावण्यांतली कत्तल लेबनॉनच्याच फलांजी मिलिशियाने केली. तिची अप्रत्यक्ष जबाबदारी इस्रायलवर असल्याचा ठपका इस्रायलच्याच कहान आयोगाने १९८३ मध्ये ठेवला. कुवेतमध्ये सुमारे चार लाख पॅलेस्टिनी राहत होते. पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांनी कुवेतवर चढाई करणाऱ्या सद्दाम हुसेनची बाजू घेतल्याचा सूड त्या सगळ्यांवर उगवला गेला आणि १९९१ नंतर बहुतेकांना देश सोडावा लागला. हे प्रकरण आपल्या नोंदींत जवळजवळ नसते. ते नसेल तर नोंद पॅलेस्टिनींविषयी उरत नाही, फक्त इस्रायलविषयी होते.

तसेच, हमासवर टीका म्हणजे पॅलेस्टिनीद्वेष नव्हे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. हे वाक्य कुणी सहानुभूतीपोटी नोंदीतून काढत असेल तर त्याने हे काम सोडावे.

व्याख्येच्या बाबतीतही घाई नको. कॅनडातल्या अरब वकिलांच्या संघटनेने २०२२ मध्ये पॅलेस्टिनीविरोधी वंशद्वेषाची व्याख्या मांडली: पॅलेस्टिनींना किंवा त्यांच्या कथनाला गप्प करणे, वगळणे, पुसणे, बदनाम करणे, माणूसपण नाकारणे. टोरांटोच्या शाळा मंडळाने २०२४ मध्ये ही संकल्पना आपल्या धोरणात घेण्याचे ठरवले तेव्हा काही ज्यू संघटनांनी विरोध केला. नोंदीच्या प्रस्तावनेत ही व्याख्या त्या संघटनेच्या नावाने द्या, विरोधही त्याच ठिकाणी द्या. मात्र व्याख्येवर वाद आहे म्हणून घटना वादग्रस्त होत नाहीत.

मराठी नोंदलेखकाची एक अडचण खरी आहे. अलिबाग-रेवदंड्याचे बेने इस्रायली ज्यू आपले आहेत. इस्रायलमधल्या लोद, दिमोना, अश्दोदला आजही काही घरांत मराठी बोलली जाते, इस्रायलमधून मराठी नियतकालिकही निघाले. त्या आपुलकीने हात आखडतो, असे काही जणांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्यांना एकच आठवण. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बीनेटने (ज्यू धर्मपीठाने) बेने इस्रायलींच्या विवाहाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ मध्ये क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्य केले. हा अपमान लिहिताना आपण आदेश कुणाचा, केव्हाचा, मागे केव्हा गेला ते नाव-तारखेनिशी लिहितो. कुणी 'कथित' लावत नाही, रब्बीनेटला समान ओळी देत नाही. पॅलेस्टिनी मुलाविषयी लिहिताना हीच पद्धत वापरायला कोणती अडचण आहे?

समितीला आम्ही लेखी कळवले आहे, की हे परिपत्रक मागे घ्यावे. ते होईपर्यंत हात बांधून बसू नका. नोंद गोठवली असेल तर चर्चापानावर वाक्यागणिक विधान, स्रोत आणि तारीख मांडा. 'पक्षपात आहे' एवढी मोघम तक्रार करू नका. यंत्रानुवादाने केलेल्या जुन्या नोंदी उघडा आणि त्यातला प्रत्येक संदर्भ स्वतः वाचा. अरबी किंवा हिब्रू जाणणारे मराठी वाचक कुठे असतील तर आम्हाला कळवा, आपल्याला त्यांची नितांत गरज आहे. अडलेली वाक्ये मूळ स्रोतासह पाठवा. पुढच्या अंकापासून ती आम्ही नावाशिवाय छापू, दुरुस्त वाक्य शेजारी देऊ आणि कोणत्या प्रचालकाने ती का अडवली याचे कारणही मागू. १५ तारखेच्या आत आलेली पत्रे त्याच अंकात घेतली जातील.