घुमट राहिला, गोळा गेला

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिले व २००४ साली जागतिक वारसा ठरले. त्याचा अभिमान आम्हांलाही आहे. पण रेल्वे म्हणजे का नुसता घुमट आणि फाटकावरचे सिंह-वाघ? एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनात नीलच्या यंत्रातून पोलादी गोळा निघून ड्रायव्हरच्या हाती पडल्याखेरीज गाडी हलत नसे. समोरून दुसरी गाडी येणार नाही, या त्या गोळ्याच्या भरवशावर आपल्या आया-आज्यांनी सासर-माहेर केले! तो गोळा, रुळाच्या तुकड्याची घंटा, वजनकाटा भंगारात घालायचे आणि भिंतींना रंग फासून ‘वारसा जपला’ म्हणायचे, हे कसले जतन?

मँचेस्टरच्या लिव्हरपूल रोड स्टेशनातील नियमित उतारू गाड्या १८४४ साली बंद झाल्या, मालाची ये-जा १९७५ पर्यंत चालली. १९८३ साली तेथे संग्रहालय उघडले. त्या लोकांनी १८३० ची मालाची वखारसुद्धा राखली. वखार, बरे का! आपण तीच आधी पाडली असती.

जागा कोठे आहे, असे कोणी विचारील. बंद तिकीटखिडकीमागची एक खोली पुरे. मात्र यंत्र कपाटात कोंडू नका; ते चालवून दाखवायला एखादा निवृत्त स्टेशनमास्तर बसवा. आमच्या वर्गातल्या एकाही मुलाने तो गोळा पाहिलेला नाही, आणि तो हाताळलेले मास्तर वर्षागणिक कमी होत आहेत.