फुलाचा धडा कपाशीवर गिरवावा

फुलाचे भाग सांगा, हा प्रश्न आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पिढीने परीक्षेत सोडविला आहे. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग ही नावे आणि जास्वंदीची आकृती आम्हालाही पाठ होती. मात्र राजापेठेतून बडनेऱ्याच्या वाटेने बाहेर पडल्यावर ज्या पिकाने आमच्या घरांना मजुरी दिली, त्या कपाशीच्या फुलाकडे आम्ही कधी निरखून पाहिले नाही. ही आमच्या शिक्षणातील मोठी उणीव होती, असे आज आम्हांस वाटते.

कपाशी जास्वंदीच्याच कुळातील आहे. दोन्ही फुलांत पुंकेसरांचे दांडे जुळून नळी होते आणि तिच्यातून कुक्षीवृंत वर येतो. शेतकरी ज्याला पाते म्हणतो, ती तीन दातेरी छदांनी झाकलेली कळी होय. अमेरिकन कपाशीचे फूल सकाळी पांढरट-पिवळे उमलते, संध्याकाळी गुलाबी छटा धरते आणि दोन-तीन दिवसांत गळते. तोवर कुक्षीवर पडलेले पराग रुजून त्यांच्या नलिका अंडाशयातील बीजांडांपर्यंत पोहोचलेल्या असतात. पुढे अंडाशयाचे बोंड होते, बीजांडांची सरकी होते. कापूस म्हणजे सरकीच्या सालीवरचे केस. त्यातील प्रत्येक तंतू ही एकच लांबलेली पेशी असते आणि तिची वाढ फूल उमलते त्या सुमारास सुरू होते.

वंदनेत वाहिलेले फूल कोमेजते आणि अनित्यतेचा बोध देते, हे आम्ही याच वास्तूत शिकलो. शेतातले फूलही कोमेजते. त्याच्या पाकळ्या गळतात, तेव्हा बोंडाची वाढ सुरू झालेली असते.

हे ज्ञान परीक्षेपुरते नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीची नासाडी केली. ही अळी फुलात शिरून पाकळ्या आतून धाग्यांनी बांधते. फूल उमलतच नाही, मिटल्या गुलाबासारखे दिसते. त्यालाच डोमकळी म्हणतात. निरोगी फूल कसे उमलते हे ज्याने पाहिले आहे, त्याच्या डोळ्यांना डोमकळी लगेच खुपते, आणि ती वेळीच तोडून नष्ट केली तर पुढची पिढी आटोक्यात ठेवण्यास मदत होते.

याच फुलाची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा कपाशीचा व्यापारी लागवडीसाठीचा पहिला संकरित वाण दिला. असे बियाणे हातांनी तयार करावे लागते. आदल्या दिवशी दुपारनंतर कळीतील पुंकेसर काढून टाकायचे आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग तिच्या कुक्षीवर लावायचे. हे नाजूक काम आंध्र प्रदेश व गुजरातेतील बीजोत्पादनाच्या शेतांत वर्षानुवर्षे लहान मुलांकडून, विशेषतः मुलींकडून, करून घेतले गेले. दिवसभर पुंकेसर हाताळणाऱ्या त्या मुलींना शाळेत जाऊन त्याचे नाव शिकता आले नाही. आमचे उलट झाले. आम्ही नाव लिहून गुण मिळविले, पण पुंकेसराला कधी बोट लावले नाही. श्रम एकाच्या वाट्याला आणि विद्या दुसऱ्याच्या, ही जुनी विभागणी मोडण्यासाठीच आपली शाळा उभी राहिली, असे आम्ही मानतो. मग ती विज्ञानाच्या तासाला तरी का टिकावी?

आमचे म्हणणे साधे आहे. शाळेच्या आवारात जूनमध्ये कपाशीची दहा झाडे लावावीत. सप्टेंबरच्या आरंभी उमललेल्या एकेका फुलाच्या देठाला विद्यार्थ्यांनी दोरा बांधून तारीख नोंदवावी. सुमारे पन्नास दिवसांनी, दिवाळीच्या आसपास, बोंड फुटेल. तेव्हा त्याचे कप्पे मोजावेत, सरकी मोजावी. जे माजी विद्यार्थी आज शेती करतात, त्यांनी एक रविवार द्यावा आणि डोमकळी प्रत्यक्ष दाखवावी. कापूस वेचणाऱ्या आयांनाही त्या दिवशी आग्रहाने बोलवावे. फुलाविषयी त्यांना जे ठाऊक आहे ते त्यांनी सांगावे, मुलांनी वहीत उतरवून घ्यावे, आणि पुस्तकातली नावे मुलांनी त्यांना सांगावीत.